घरच्या कपाटातील युद्धेतिहास

ग्रंथसंग्रहाची हौस असलेल्या कोणाही गृहस्थाचे कपाट उघडून पाहिले, तर त्यात संतवाङ्मय असते, काव्य, नाटक आणि कादंबऱ्यांच्या रांगा असतात, थोरांची चरित्रे असतात. युद्धाचा इतिहास मात्र तेथे क्वचितच आढळतो. आणि आढळलाच तर तो बहुधा दोहोंपैकी एका जातीचा असतो. एक, तोफा, रणगाडे व विमाने यांच्या रंगीत चित्रांनी नटलेला, घरातील मुलाच्या वाढदिवसास कोणीतरी दिलेला जाडजूड ग्रंथ. आणि दुसरा, स्वपक्षाच्या विजयांची ओळीने गणती करणारा. पहिला पाहण्यासाठी असतो, दुसरा छाती फुगविण्यासाठी. एकदा पाने उलटली की दोघांचेही काम संपते. ज्याच्याकडे दहा वर्षांनी पुन्हा वळावे, आणि पूर्वी जे हाती लागले नव्हते असे काही ज्याने त्या वेळी द्यावे, असा युद्धेतिहास घरी असावा काय, व असल्यास कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. ज्यांना कधी तलवार धरावयाची नाही की बंदूक उचलावयाची नाही, अशा नोकरीपेशाच्या, पापभीरू कुटुंबांनी लढायांचे वर्णन वाचून काय साधावयाचे? हा प्रश्न वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. परंतु त्यात एक मोठी चूक आहे. लढाई शिपाई लढतो हे खरे, पण लढाईचा निश्चय होतो तो शिपायाच्या छावणीत नव्हे. जेथे लोकांच्या मताने राज्य चालते तेथे तो निश्चय घराघरांत, ओसरीवर, वृत्तपत्राच्या पानावरून नजर फिरवताना होत असतो. घरी बसून टाळ्या वाजविणाऱ्यांच्या उत्साहाची किंमत दूर कोठे तरी दुसराच कोणी देतो. म्हणून युद्धेतिहासाची खरी गरज सेनापतीपेक्षा गृहस्थालाच अधिक आहे, असे आमचे मत आहे.

हे मत मान्य झाले, तर ग्रंथ निवडण्याची कसोटीही आपोआप ठरते. आम्ही तीन प्रश्न विचारतो. सैन्याने काय खाल्ले, काय प्यायले आणि ते कोठून आणले, याचा पत्ता ग्रंथकार देतो काय? शत्रूलाही बुद्धी असते, त्याचेही काही म्हणणे असते, हे तो मान्य करतो काय? आणि ग्रंथकाराचे म्हणणे तपासण्याचे, प्रसंगी ते नाकारण्याचे साधन तो वाचकाच्या हाती ठेवतो काय? या तिन्ही प्रश्नांना होकार देणारा ग्रंथ विकत घ्यावा. बाकीचे ग्रंथालयातून आणून वाचावेत व परत करावेत.

या कसोटीस सर्वांत प्रथम उतरतो तो सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा थ्युसिडिडीजचा ग्रंथ. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यामध्ये इ. स. पूर्व ४३१ पासून ४०४ पर्यंत जे युद्ध झाले, त्याचा हा इतिहास. ग्रंथकार स्वतः अथेन्सचा सेनानी होता. इ. स. पूर्व ४२४ मध्ये अँफिपोलिस हे नगर त्यास वेळेवर पोहोचून वाचविता आले नाही, म्हणून त्याच्या नगराने त्याला वीस वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा दिली. दुसरा कोणी असता तर त्याने उरलेले आयुष्य स्वतःचे समर्थन लिहिण्यात घालविले असते. थ्युसिडिडीज या प्रसंगाची हकीकत थोडक्या ओळींत सांगतो आणि पुढे जातो. उलट, हद्दपारीमुळे दोन्ही पक्षांकडील गोष्टी निवांतपणे समजून घेता आल्या, असे नमूद करतो. भाषणांचे शब्द जसेच्या तसे स्मरणात राहणे अशक्य होते, म्हणून प्रसंगाला उचित असे ते आपण रचले आहेत, ही कबुलीही तो आरंभीच देऊन टाकतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यापेक्षा स्वच्छ कोणते असणार?

परंतु या ग्रंथाचे हृदय म्हणजे त्यातील सहावे व सातवे प्रकरण, सिसिलीवरील स्वारीचे. इ. स. पूर्व ४१५ मध्ये अथेन्सच्या लोकसभेने सिसिली जिंकण्याचा ठराव केला. ते बेट केवढे आहे आणि तेथे किती लोक राहतात, हे ठरावास मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते, असे ग्रंथकार प्रारंभीच सांगतो. आणि व्यापारी गलबताला त्या बेटाची प्रदक्षिणा करावयास जवळजवळ आठ दिवस लागतात, एवढीच माहिती शांतपणे पुढे ठेवतो. निसियास या वयस्क सेनानीला स्वारी नको होती. लोकांनी भिऊन माघार घ्यावी म्हणून त्याने प्रचंड खर्चाचा व प्रचंड सैन्याचा आकडा मांडला. लोकांनी तो आनंदाने मंजूर केला! पहिला ठराव ६० गलबतांचा होता. प्रत्यक्षात १३४ युद्धनौका निघाल्या. ज्यांना हे पसंत नव्हते ते विरोधात हात वर केल्यास देशद्रोही ठरू या भीतीने गप्प बसले, ही गोष्टही थ्युसिडिडीज नोंदवून ठेवतो. चोवीस शतकांनंतर हे वाक्य वाचताना कोणत्याही लोकसत्ताक देशातील वाचकाने क्षणभर थांबावे असे त्याचे सामर्थ्य आहे.

पुढची कथा म्हणजे एका थोर नगराचा अधःपात. सिराक्यूजला वेढा पडतो, पण पुरा होत नाही. नवी कुमक येते आणि तीही अडकते. रात्रीच्या हल्ल्यात आपल्याच माणसांवर आपली माणसे तुटून पडतात, आणि परवलीचा शब्द पुनःपुन्हा विचारल्याने तो शत्रूलाही कळतो. अखेर निघून जाण्याचा निश्चय होतो, गलबते सज्ज असतात, इतक्यात इ. स. पूर्व ४१३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रग्रहण लागते. शकुनावर अंमळ जास्तच भिस्त ठेवणारा निसियास ज्योतिष्यांच्या सांगण्यावरून सत्तावीस दिवस हालावयाचे नाही असे ठरवितो. तेवढ्यात बंदराचे तोंड बंद होते. समुद्रावर पराभव झाल्यावर चाळीस हजारांचा जथा पायी निघतो. तहानेने व्याकूळ झालेले शिपाई असिनारस नदीत उतरून, वरून बाण पडत असताना, रक्ताने व चिखलाने गढूळ झालेल्या पाण्यासाठी एकमेकांशी झुंजतात. जे वाचले त्यांतील सात हजारांहून अधिक कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले. त्यांस दररोज किती पाणी मिळे? सुमारे पाव लिटर. आणि धान्य? त्याच मापाची दोन मापे. असे आठ महिने. ग्रंथकार शोक करीत नाही, मापे सांगतो. त्या मापांनीच वाचकाचा घसा कोरडा पडतो.

याच सिराक्यूजच्या प्रसंगाला एडवर्ड क्रीझी या इंग्रज ग्रंथकाराने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जगातील पंधरा निर्णायक लढाया’ या ग्रंथातही स्थान मिळाले आहे. हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या बक्षीस म्हणून वाटला गेला आणि त्याचे अनुकरण करणारे ग्रंथ आजही निघतात. तो रोचक आहे यात शंका नाही. तथापि मॅरेथॉनपासून वॉटर्लूपर्यंतच्या त्या यादीत हिंदुस्थानच्या भूमीवरील एकही लढाई नाही, हा त्याचा लहान दोष. मोठा दोष असा की, जगाचे भवितव्य एका दिवसात ठरते असा भ्रम तो वाचकाच्या मनात रुजवितो. थ्युसिडिडीज वाचणाऱ्याला अथेन्सचा पराभव बंदरात झाला असे वाटत नाही. तो दोन वर्षे आधी, लोकसभेत, जयघोषात झाला असे त्याच्या ध्यानी येते. दोन ग्रंथांतील हे अंतर लक्षात घेऊन संग्राहकाने आपले पैसे कोठे घालावयाचे ते ठरवावे.

दुसरा ग्रंथ आम्ही सुचवितो तो अगदी वेगळ्या कारणासाठी. ज्युलियस सीझरचे गॉलच्या युद्धावरील टिपण हे जेत्याने स्वतः लिहिलेले आहे. त्यातील सात प्रकरणे त्याची, आठवे त्याचा सहकारी हिर्टियस याचे. सीझर स्वतःविषयी ‘सीझरने असे केले’ अशा तृतीय पुरुषात लिहितो. भाषा इतकी साधी व स्वच्छ की सांगणारा कोणी तिऱ्हाईतच असावा असे वाटते. ऱ्हाईन नदीवर दहा दिवसांत पूल बांधल्याची हकीकत वाचताना एखाद्या कुशल स्थापत्यविशारदाचे निवेदन वाचल्याचा आनंद होतो. परंतु येथेच वाचकाने सावध व्हावे. अलेसियाच्या वेढ्यात गॉल लोकांच्या मदतीला २,५०,००० पायदळ व ८,००० स्वार आले, हा आकडा जेत्याचा आहे. आणि शत्रू जितका मोठा तितका जेता मोठा, हा हिशेब रोममध्ये सीझरला चांगला ठाऊक होता. त्याच्या समकालीनांपैकी असिनियस पोलियो याने या टिपणांच्या सत्यतेविषयी शंका घेतली होती. आणि दोन जर्मन टोळ्यांची सीझरने कत्तल केली तेव्हा, त्यालाच बांधून त्यांच्या हवाली करावे, असे केटोने रोमच्या वरिष्ठ सभेत सुचविले होते.

मग असा ग्रंथ घरी का ठेवावा? ठेवावा तो अविश्वासाचा सराव करण्यासाठी. सीझर धूर्त आहे, पण त्याच्या लेखणीतून सत्य कधीकधी सांडते. अलेसियाच्या तटबंदीतील धान्य संपत आले तेव्हा गॉल सेनापतींनी तेथील मूळ रहिवाशांना, बायकामुलांसह, बाहेर घालविले. ते लोक रोमन खंदकाशी येऊन, आम्हांला गुलाम करा पण अन्न द्या, अशी रडून विनवणी करू लागले. सीझरने त्यांना आत न घेण्याविषयी पहारे बसविले, असे तो स्वतःच सांगतो. आणि त्या लोकांचे पुढे काय झाले हे सांगावयास विसरतो. या मौनापाशी जो वाचक थांबेल तो पुढे कोणत्याही सरकारी युद्धवार्तेने सहसा फसणार नाही. एका ग्रंथाकडून एवढे शिक्षण मिळाले तरी त्याची किंमत वसूल झाली.

तिसरा ग्रंथ, क्लाउझेविट्झचा ‘युद्धाविषयी’, हा वस्तुतः इतिहास नव्हे. परंतु इतर इतिहास कसे वाचावेत हे तो शिकवितो. हा प्रशियाचा अधिकारी १८०६ मध्ये येनाच्या पराभवानंतर फ्रेंचांच्या कैदेत पडला, १८१२ मध्ये रशियाच्या बाजूने लढला, आणि १८३१ मध्ये पटकीने वारला. ग्रंथ अपुरा राहिला. तो त्याच्या पत्नीने, मारी हिने, १८३२ पासून छापून काढला. मोठी नावे उच्चारणाऱ्यांच्या तोंडी या ग्रंथातील एक-दोन वाक्ये नेहमी असतात. ग्रंथ मात्र फारसा कोणी वाचलेला नसतो. त्याची आठही प्रकरणे वाचलीच पाहिजेत असा आमचा आग्रह नाही. पहिली दोन वाचली तरी दोन गोष्टी कायमच्या पदरी पडतात. एक, युद्धातील घर्षणाची कल्पना: कागदावर सोपी दिसणारी प्रत्येक गोष्ट पाऊस, चिखल, चुकलेला निरोप व थकलेला घोडा यांमुळे प्रत्यक्षात दुर्घट होते. दुसरी, टीकेची नीती: सेनापतीचा न्याय करणाऱ्याने, निकाल लागल्यानंतर कळलेल्या गोष्टी बाजूस ठेवून, त्या घटकेस त्या माणसाला काय ठाऊक होते व काय ठाऊक असणे शक्य होते, हे आधी पाहावे. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती घरच्याच एका जखमेवर उपयोगी पडणार आहे.

आतापर्यंतचे ग्रंथ सेनानींचे झाले. ज्याच्या अंगावर लढाई प्रत्यक्ष कोसळते त्या सामान्य शिपायाचे काय? थ्युसिडिडीज म्हणतो की दिवसाउजेडी झालेल्या लढाईतही प्रत्येकास आपल्या आसपास घडले तेवढेच कळते. हे सूत्र पकडून संपूर्ण ग्रंथ लिहिण्याचे काम जॉन कीगन या इंग्रज ग्रंथकाराने १९७६ साली केले. ‘युद्धाचा चेहरा’ असे त्या ग्रंथाच्या नावाचे मराठी होईल. कीगन लष्करी विद्यालयात अध्यापक होता, आणि आपण कधीही लढाई पाहिलेली नाही, हे तो पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतो. १४१५ ची अजिंकूर, १८१५ ची वॉटर्लू आणि १९१६ ची सोम, या तीन लढायांविषयी तो अगदी साधे प्रश्न विचारतो. चिलखत घातलेला मनुष्य चिखलात पडला तर उठतो कसा? घोडदळ पायदळाच्या चौकोनावर खरोखर आदळते काय? जखमी माणूस किती वेळ पडून राहतो आणि त्याला कोण उचलते? सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७,००० लोक कामी आले वा जखमी झाले, त्यांपैकी १९,००० हून अधिक मृत. हा आकडा पुष्कळ ग्रंथांत सापडेल. सात दिवस तोफा डागूनही समोरचे काटेरी तारेचे कुंपण शाबूत का राहिले, हे कीगन उलगडून सांगतो, आणि मग तो आकडा आकडा राहत नाही.

या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिन्ही लढाया इंग्रजांच्या, तिन्ही युरोपच्या एकाच कोपऱ्यातील, आणि तिन्ही मैदानावर एक-दोन दिवसांत दिसणाऱ्या. सैन्याबरोबर बायका, मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे असतील, अन्नपाणी तुटले असेल, आणि शत्रूपेक्षा आधी भूक येऊन भिडली असेल, अशा युद्धाचे चित्र त्यात नाही. ते चित्र पाहण्यासाठी मराठी वाचकाला परदेशी जाण्याचे कारण नाही.

पानिपत हा शब्द आपल्या भाषेत संपूर्ण नाशाचा वाचक होऊन बसला आहे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचेही पानिपत होते आणि निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचेही. भाषेने पराभव जपून ठेवला. परंतु त्याचा हिशेब किती घरांत आहे? १४ जानेवारी १७६१ या दिवसाविषयी आपल्याकडे साधनांची वाण नाही. ‘भाऊसाहेबांची बखर’ आहे. तिची भाषा रसरशीत, आकडे मात्र बेभरवशाचे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज या दक्षिणी ब्राह्मणाने १७८० च्या सुमारास फारसीत लिहिलेली हकीकत आहे; म्हणजे शत्रूच्या छावणीत उभा राहून आपलाच माणूस पाहत होता. राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याच्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पैसा, नावा आणि रसद यांविषयी भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांस जे तगादे करतात, ते वाचताना रणशिंग ऐकू येत नाही. रिकाम्या कोठाराचा आवाज ऐकू येतो.

ही सर्व साधने पचवून, एका लढाईवर एक पूर्ण ग्रंथ लिहिण्याचे काम त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. मराठी ‘पानिपत : १७६१’ हा लढाईस दोनशे वर्षे झाली त्या १९६१ साली निघाला. आमच्या मते मराठीत लिहिलेल्या युद्धेतिहासांत याचे स्थान पहिले आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतापाशी यमुना ओलांडली, मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तोडला, आणि तेथून पुढे अडीच महिने सैन्य कसे वाळत गेले, हे एकदा समजले म्हणजे चौदा जानेवारीचा दिवस आकस्मिक आघातासारखा वाटत नाही. बुणग्यांना मध्ये घेऊन, गोल बांधून वाट काढण्याच्या बेताचा अर्थही मग कळतो. सर्व अपयश एकट्या भाऊसाहेबांच्या माथी मारण्याची जी जुनी चाल होती, ती शेजवलकरांनी मोडली. त्या घटकेस त्या माणसास काय ठाऊक होते, हा क्लाउझेविट्झचा प्रश्न त्यांनी पानिपतच्या मैदानावर उभा केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

म्हणून त्यांचे सर्वच निकाल निमूटपणे मान्य करावेत असे मात्र नाही. शेजवलकरांची लेखणी तापट आहे. व्यक्तींना ते न्यायाधीशाप्रमाणे शिक्षा ठोठावितात, आणि कधीकधी लढाई सांगता सांगता राष्ट्रधर्माच्या चर्चेत शिरतात. यावर उपाय असा की, जदुनाथ सरकारांच्या ‘मोगल साम्राज्याचा ऱ्हास’ या ग्रंथाचा १९३४ साली निघालेला दुसरा खंड त्याच्या शेजारी ठेवावा. सरकारांची भिस्त फारसी साधनांवर अधिक, आणि मराठ्यांविषयी त्यांची सहानुभूती कमी. दोघांत जेथे मतभेद होतो तेथे वाचकाने स्वतः काशीराजाकडे व मूळ पत्रांकडे जावे. एका लढाईवरील दोन भांडणारे ग्रंथ घरी असणे हे शंभर लढायांवरील एका गुळमुळीत ग्रंथापेक्षा हिताचे आहे. मराठी घराला ही सोय सहज साध्य असताना तिचा लाभ फार थोडे घेतात, ही खेदाची गोष्ट होय.

आता व्यवहाराचे दोन शब्द. युद्धेतिहास नकाशावाचून घेऊ नये; नकाशे नसलेला असा ग्रंथ म्हणजे सारीपट सोडून नुसत्या सोंगट्या घेण्यासारखे आहे. थ्युसिडिडीजच्या इंग्रजी भाषांतरांपैकी क्रॉलीचे १८७४ मधील भाषांतर प्रौढ पण उत्कृष्ट आहे; तेच भाषांतर जवळजवळ प्रत्येक प्रसंगाच्या नकाशासह रॉबर्ट स्ट्रासलर यांनी १९९६ साली संपादून काढले, ती आवृत्ती घ्यावी. क्लाउझेविट्झसाठी हॉवर्ड व पॅरेट यांचे १९७६ चे भाषांतर सुबोध आहे. हे सर्व एकदम घेणे मध्यम स्थितीतील कुटुंबास परवडणार नाही, आणि तशी जरूरही नाही. वर्षास एक, असा क्रम ठेवावा. आमच्या मते आरंभ शेजवलकरांपासून करावा, कारण ज्या नद्या व गावे कानांवरून गेलेली आहेत तेथे वाचक लवकर रुळतो. मग थ्युसिडिडीज, मग कीगन, आणि या तिघांनी दृष्टी तयार केल्यावर सीझर व क्लाउझेविट्झ.

हे ग्रंथ वाचून कोणी भित्रा होईल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. यांतील एकाही ग्रंथकाराने शौर्याची थट्टा केलेली नाही. इब्राहीमखान गारद्याची शेवटपर्यंतची झुंज शेजवलकरांच्या ग्रंथात वाचताना ऊर भरून आल्याशिवाय राहत नाही. परंतु पराक्रमाचा खरा आदर जो करतो, त्याला तो पराक्रम कोणाच्या गाफीलपणामुळे करावा लागला, हेही विचारावेसे वाटते. प्रसंग आला असता लढाईस संमती द्यावी की न द्यावी, हे ज्याचे त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. ते आम्ही कोण सांगणार? मात्र संमतीचा हात वर करण्यापूर्वी त्या बेटाला प्रदक्षिणा घालावयास किती दिवस लागतात, एवढे तरी प्रत्येक घराने विचारावे, आणि हा प्रश्न विचारावयास शिकविणारी पाच-सहा पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशा खालच्या फळीवर ठेवावीत.